दोऱ्याची कात्री

मेडिकलच्या काउंटरवर दोऱ्याला बांधलेली कात्री नुसतीच लोंबत होती. भाजीवाल्या मावशींनी ताप-डोकेदुखीच्या दोन गोळ्या मागितल्या, तर दुकानदार म्हणाला, "स्ट्रिप गेली, मावशी. कंपनी परदेशी लोकांनी घेतल्यापासून सीलबंद बाटली येते. सुट्ट्या मिळत नाहीत."

मावशी रिकाम्या हाताने परतल्या.

मागे उभे असलेले हुद्दार पुढे सरकले. कंपनी त्यांनीच विकली होती. वर सल्लागार म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये इंग्रजी झाडत बाटलीही त्यांनीच सुचवली होती. गोऱ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्यावर स्वारी आठवडाभर हवेत होती.

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे," दुकानदार पुटपुटला. "तुम्हाला काय देऊ?"

हुद्दारांनी तेच डोकं चोळलं.

"डोकं दुखतंय. दोनच गोळ्या द्या."

"बाटलीच घ्यावी लागेल, काका."