बोटभर अलीकडे

भर दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात चोराने ताईवर चाकू रोखला. "पिशवी आण!" पिशवीत बाबांची नवी कवळी होती; महिनाभर पातळ पिऊन वैतागलेले बाबा जेवायला खोळंबले होते. ताईने ठोसा हाणला. तो नाकाच्या बोटभर अलीकडे थांबला. ताई हादरली. दुसरा हाणला, तोही थांबला. बारा वर्षं कराटेच्या सरावात सरांनी हेच घोटवलं होतं: समोरच्याला लागता कामा नये. आता हात ऐकेनात! चोर मात्र प्रत्येक ठोशाला डोळे मिटून पाऊलभर मागे सरकत होता. "अहो, मागे पायऱ्या..." ती ओरडेपर्यंत तो गडगडत खालच्या मजल्यावर पोचला. "केवढं बदडलंस गं!" शेजारच्या काकू किंचाळल्या. "हातसुद्धा लावला नाही, काकू," पिशवी कवटाळून पांढरीफटक ताई पुटपुटली. "खरंय तिचं," खालून चोर विव्हळला, "एखादा लागला असता, तर वरच पडलो असतो!"