रंगवलेला मास्क

“अक्षरं मोठी काढ. दारातून वाचता आली पायजेत,” सिंधु भावजयीला म्हणाली.

ही भावजय चांगुणा, सिंधुच्या भावाची, लिंबाजीची बायको, बचत गटाचे मास्क शिवायची. पुढाऱ्यांची नावं मास्कवर रंगवायचं कामही तिच्याकडेच होतं. बारावीपर्यंत शिकलेली, हात वळणदार. तिनं ब्रश रंगात बुडवला आणि काय लिहू म्हणून विचारलं.

“लिव. व्यंकटराव खोटा आंधळा.”

ब्रश थांबला. “आक्का, नीट इचार केलाव ना? हसं होईल.”

“त्याचंच होऊ दे की.”

सिंधुला लहानपणापासून फार कमी दिसे. समोर माणूस आलं की नुसता आकार. काय ते थोडंफार दिसे ते डोळ्यांच्या खालच्या कडेनं, आणि मास्क नेमका तिथंच वर चढायचा. उंबरा कळेना, पायरी कळेना. तोंड झाकलेली माणसं घुमल्यासारखी बोलत, तीही चार हात लांबून, त्यामुळे ओळखीचे आवाजही परके वाटू लागले होते. हात धरून रस्ता ओलांडून देणारे आता अंग चोरून निघून जात. करोनाला आणि मास्कला ती रोज शिव्या मोजायची. पण याच मास्कचा एक उपयोग तिला सुचला होता, आणि तेव्हापासून तिला कधी एकदा अहमदपूरला जाते असं झालं होतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात अहमदपूरच्या एका कचेरीत अंधांसाठी एक जागा निघाली होती. सिंधुनं अर्ज केला. जागा मिळाली गावातल्याच व्यंकटरावाला. काळा चष्मा, हातात काठी, डॉक्टरच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र. हा गडी डाळीतले खडे वेचून काढतो हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण कचेरीत जाऊन सांगणार कोण? सिंधुनं तक्रारी करून चपला झिजवल्या. शिक्क्यापुढं तिचं कुणी ऐकलं नाही. आता तिचं नोकरीचं वय उलटून गेलं होतं. तिला नोकरी नको होती. त्याची गेली पाहिजे होती, बस्स.

तक्रारीची तिला पुढं सवयच लागली म्हणा ना. चांगुणाची अंगणवाडीत निवड झाली तेव्हा नणंद-भावजयीचं बिनसलेलं होतं. सिंधुनं रागाच्या भरात अर्ज ठोकला, की ही मुखेडची, हिचा रहिवासाचा दाखला चुकीचा आहे. निवड रद्द झाली. चांगुणानं मग शिवणकाम धरलं. सिंधुच्या लेखी ते प्रकरण तिथंच मिटलं होतं. घरातली भांडणं घरातच जिरतात, असं ती लोकांनाही सांगायची.

“खरा आंधळा असंल तर त्याला मास्कवरचं काय कळणार?” तिनं चांगुणाला समजावलं. “आन् दिसत असंल तर चिडल्याबिगर ऱ्हाईल का? कचेरीत नवा साहेब आलाय. त्याच्या म्होरंच भडकू दे.”

रंग वाळल्यावर सिंधुनं मास्क डोळ्यांशी नेला. पांढऱ्यावर रंगाचा फराटा तेवढा जाणवला. तिनं तो चढवला आणि एकटीच एसटीत जाऊन बसली.

कंडक्टर जवळ आला आणि गालातल्या गालात हसला. मग त्यानं तिचं अपंगाचं कार्ड मागितलं, उलटसुलट करून पाहिलं. एरवी तो कधी मागत नसे. तोंड झाकलंय, ओळखलं नसेल, असं सिंधु समजली. मागच्या बाकावर कुणीतरी “लई झ्याक लिवलंय” म्हणालं आणि दोघं-तिघं खिदळले. तिला गुदगुल्या झाल्या. व्यंकटरावाची अब्रू कचेरीच्या आधी एसटीतच निघायला लागली होती.

स्टँडवर उतरताना पायरी चुकली. पडता पडता वाचली, पण हात द्यायला कुणी पुढं आलं नाही. तेही तिनं करोनाच्या खात्यावर मांडलं.

कचेरीत ती शिरली तशी कुजबुज एकदम थांबली. शिपायाला विचारत विचारत ती व्यंकटरावाच्या टेबलापुढं गेली आणि मान ताठ करून उभी राहिली.

“कोण हाय?” व्यंकटरावानं विचारलं. आवाज दुधासारखा शांत.

“सिंधु. लिंबाजीची भैन.”

“बसा बाई. खुर्ची द्या रे कुणीतरी.”

ती बसली नाही. तो चिडेना. ती आणखी पुढं सरकली, अगदी टेबलाला टेकली. त्यानं उलट घरच्यांची खुशाली विचारली, काढा पीत जा म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांचा राग आणि हा माणूस खरंच आंधळा निघाला तर? मग आपण कुणाच्या नावानं बोटं मोडत बसलो? मागं कुणाचं तरी हसू फुटलं आणि तो आवाज ऐकून साहेब बाहेर आले. काय चाललंय म्हणून त्यांनी दरडावलं.

आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. सिंधुनं आवाज चढवला.

“साहेब, मी जन्माची अधू. ह्यो चांगला डोळस गडी. खोटं सोंग करून ह्यानं माझ्या तोंडचा घास काढला. चोर हाय ह्यो. ह्याच्या बापानंबी असंच...”

बाप काढला तशी खुर्ची करकरली. व्यंकटराव ताडकन उठला.

“खोटी ही बाई हाय, साहेब! हिच्याच मास्कवर लाल अक्षरात लिवलंय बघा : ‘मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं’.”