शेवटची भाकरी

नेतृत्व शिबिराहून परतलेल्या निशांतच्या ताटात सुलभाने सवयीने पहिली गरम भाकरी टाकली, तर पोरगं ताट सरकवून उठलंच. "आई, शिबिरात गटप्रमुख शेवटी जेवतो. आधी तू बस."

"नेता झाला वाटतं," वडील म्हणाले.

एरवी वडील नुसते खाकरले तरी हा मान खाली घालायचा. आज त्यांच्याकडे बघून म्हणाला, "पहिल्या दिवशी मीच आधी जेवलो, बाबा. माझ्या गटातल्या दोघांना नुसता भात उरला. तेव्हापासून सगळ्यांचं झाल्याशिवाय बसवत नाही."

वडिलांनी सरकून सुलभाला जागा करून दिली.

तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी खाऊन किती वर्षं झाली, तिला आठवेना. निशांत आमटी वाढत होता, हवं-नको विचारत होता आणि मधेच उरलेल्या गोळ्याची वेडीवाकडी भाकरी थापत होता. ती व्हायची तशीच झाली, एका बाजूने पार करपली.

सगळ्यांना वाढून तो जेवायला बसला आणि करपलेली भाकरी त्याने हळूच चांगल्या भाकरीखाली सरकवली. ही लबाडी सुलभाची वर्षानुवर्षांची. तिच्या नजरेतून ती सुटणार कशी?

ती भाकरी काढून घ्यायला तिचा हात पुढे झालाही होता. मग तिने तो मागे घेतला, आपली वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "मला अजून थोडी आमटी वाढ रे."