परसाचा वाटा

चंद्रभान दारातून आत आला आणि चौकट त्याच्या कपाळाला लागली.

"किती उंच झाला रे!" शकुन म्हणाली आणि पदराने त्याचं कपाळ पुसू लागली.

ओसरीवर बसलेले पंच हसले. तणाव जरा सैल झाला.

पाच वर्षांपूर्वी तिचा हा धाकटा भाऊ कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईला निघून गेला होता. कोणाला न सांगता. मोठ्या भावाने, जानरावाने, गावाला तसं सांगितलं होतं. अठरा वर्षांचं पोर, गेलं असेल. मोर्शीतल्या सगळ्यांनी मान डोलावली.

आता वडील वारले होते. तिकडे अमेरिकेत लढाई लागल्यापासून कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. अमरावतीचे व्यापारी माल ठेवायला जागा शोधत मोर्शीपर्यंत येत होते. घराची वाटणी व्हायची होती, आणि नेमक्या त्याच वेळी बडनेऱ्याला दिलेली शकुन भावाला गाडीत घालून घेऊन आली. बाजारात सापडला म्हणाली.

पंचांतले थोरले नत्थुजी त्याच्या तोंडावरचे देवीचे नवे व्रण पाहत राहिले.

"जानराव, वळखतं का रे भावाले?"

जानरावाचं पान चघळणं थांबलं. तो त्या माणसाकडे बघत राहिला, मग शकुनकडे. शकुन रडत होती.

"वळखतो नं," तो म्हणाला. "माहाच भाऊ हाय."

"अन् तुले काय पायजे व, शकुन?"

"मले घरातलं काई नको. वाटणी माह्या डोळ्यासमोर व्हावी, बस."

रीत साधी होती. मोठ्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. त्यामुळे मोठा भाऊ सुतळी लावून, वीतभर इकडेतिकडे न करता वाटे पाडतो. कोणता आपल्या वाट्याला उरेल, सांगता येत नाही.

जानराव एक रात्र विचार करून आला.

वाटा एक.

ओसरी. माजघर. चार खोल्या. विहीर. रस्त्याकडची वखार, जिच्यासाठी दोन व्यापारी आत्ताच भांडत होते.

वाटा दोन.

परस. बैलांची गव्हाण. जुनं पेव, म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तेही बुजवलेलं. चंद्रभान गेला त्या उन्हाळ्यात पेवात पाणी शिरलं असं सांगून जानरावाने स्वतः माती लोटून वर शिळा बसवली होती.

आतून जानरावाची बायको पार्बताबाई ओरडली, "असे वाटे कोनी पाडते का बाप्पा? सारं घर भावाले, अन् आमी का गव्हाणीत निजाव?"

"तू चूप राय," जानराव म्हणाला. "थो लहान हाय. इतके वर्स वनवन फिरला. त्याले घर पायजे. मले ढोरांत करमते."

एका म्हाताऱ्या पंचाने डोळे टिपले. "असा भाऊ पाहाले भेटत नाही."

नत्थुजींनी पाटावर दोन सुपाऱ्या ठेवल्या. उजवी घराची. डावी परसाची.

"उचल, चंद्रभान."

"घे नं," जानराव हसत म्हणाला. "लाजून काहून राहिला?"

चंद्रभानचा हात उजवीकडे गेला. थांबला. त्याने एकदा शकुनकडे पाहिलं.

डावी सुपारी उचलली.

आत पार्बताबाईच्या हातून घागर निसटली.

"चुकला थो!" जानराव उठून उभा राहिला. "पुन्हा ठेवा सुपाऱ्या!"

"उचलली म्हंजे उचलली," नत्थुजी म्हणाले.

"दादा, सारं घर तुले भेटलं," शकुन म्हणाली. तिचे डोळे आता कोरडे होते. "मंग असा काहून करून राहिला?"

"घर देतो त्याले. वखार देतो. बैलंबी घे म्हना." जानरावाचा आवाज फाटला. "आमी गाव सोडून जातो. पन परस नाही. परस देऊ नका, नत्थुजी!"

कोणी हसलं नाही. म्हातारा पंच डोळे टिपता टिपता थांबला होता.

शकुन उठली. समोरच्या माणसाच्या हातातली सुपारी तिने घेतली, पदराच्या टोकाला घट्ट बांधली.

"सहदेवा, लय उपकार झाले तुहे," ती त्याला म्हणाली. "गाडी जुंप अन् जाय आता आपल्या घरी."

मग ती पंचांकडे वळली.

"शिळा काढा, नत्थुजी. माह्या चंद्रभानले वर घ्या."