टिश्यूचं पाकीट

खाण्याच्या स्टॉल्सनी गजबजलेल्या हॉकर सेंटरमध्ये मामांनी रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकलं. इथे एवढं केलं की जागा आपली. कुणी तिथे बसत नाही. जेवताना मामांची शाळकरी मुलगी गार्गी इतिहासाच्या प्रेझेंटेशनचा सराव करत होती. "एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत इलेक्शन जिंकलं की पोस्टातसुद्धा आपल्याच पार्टीची माणसं भरायचे. मग लोक चिडले आणि नोकरीसाठी परीक्षा सुरू झाली." "आमच्या तुआसच्या प्लांटमध्येही परीक्षाच असते, मॅडम," म्हणत मामा माझ्याकडे झुकले. "तन्मय, दोन टाक्या, मधे एक व्हॉल्व्ह. उद्या तेच विचारणार आहे. तुझा इथे राहायचा पास संपत आलाय, ताई रोज फोन करते." गार्गीने नूडल्समधून मान वर केली. "पण बाबा, ज्यांना मामा नाही, देन हाऊ?" मामा हसले. मी पाकीट उगाचच खिशात घातलं. सकाळी प्लांटच्या वेटिंग रूममध्ये आम्ही चौघं उमेदवार होतो. शेजारचा मुलगा गुडघा हलवत सूत्रं पुटपुटत होता. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. निघून गेलो तर नोकरीही गेली आणि पासही. बसलो तर उत्तर मला आधीच पाठ. शेवटी खिशातून पाकीट काढलं, एक टिश्यू मधल्या टेबलावर पसरला आणि पेनने दोन टाक्या काढल्या. "हे येणार आहे," मी इंग्रजीत म्हणालो. तिघंही खुर्च्या ओढत जवळ आले. मी व्हॉल्व्ह काढत होतो, तेवढ्यात प्रश्नपत्रिका घेऊन मामांनी दार उघडलं.