दोन ठळक ओळी

ग्राहकाच्या चार हजार नोंदी कायमच्या गेल्या आणि नव्या प्रोग्रामरला घरी बसवायची नोटीस निघाली. "मी मॅन्युअल वाचूनच कमांड चालवली," असं तो घसा फोडून सांगत होता, पण कुणी ऐकेना. मॅन्युअल लिहिणारीने मात्र त्या कमांडचं पान उघडलं. एकाच कमांडला वर 'काढणे' म्हटलं होतं, मध्ये 'हटवणे' आणि खाली 'पुसणे'. तोच तो शब्द पुन्हा नको, हे शाळेत डोक्यात भरलेलं खूळ! बिचाऱ्याला वाटलं, पुसणं वेगळं, हटवलेलं परत आणता येतं. इशारा होता, नाही असं नाही. पण अर्धं पानच ठळक अक्षरांत, त्यात तो दिसणार कुणाला?

तिने दुपारभर बसून सगळीकडे 'पुसणे' केलं, इशारा सोडून बाकीची ठळक अक्षरं साधी केली आणि पान साहेबांपुढे ठेवलं.

"मॅडम, अख्ख्या पानात दोनच ओळी ठळक? शाई संपली की काय?"

"वाचा ना. 'पुसलेली नोंद परत मिळत नाही.' आणि तळाला, 'या पानाची आधीची आवृत्ती चुकीची होती. ती मी लिहिली होती.'"

साहेबांचं हसू गेलं. "वेड लागलंय का? ग्राहक वाचतील. ती खालची ओळ निदान साधी तरी करा, डोळ्यांत खुपते."

"त्याच्या नोटिशीत 'निष्काळजी' हा शब्द तुम्ही ठळक छापलाय. आधी तो पुसा, मग मी माझी ओळ साधी करते."