मलकाबाईंची सही

येशूवरच्या एका चित्रपटावर बंदी घाला, अशी ओरड झाली, तेव्हा अलिबागमधल्या एका छोट्या फिल्म क्लबने बंदीविरोधात सह्या गोळा केल्या. पहिली सही निवृत्त शिक्षिका मलकाबाई किहीमकरांची होती. त्यांच्या आळीत ज्यूंचं आता त्यांचं तेवढं एकच घर उरलं होतं.

पुढे क्लबने तो चित्रपट दाखवला. तो संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमच्याच लोकांनी मारलं की हो त्याला." सगळे हसले. बाई कुणाच्या सोबतीची वाट न पाहता एकट्याच घरी गेल्या.

पुढच्या रविवारी त्या क्लबात आल्या नाहीत. क्लबचा सचिव, त्यांचा जुना विद्यार्थी, चौकशीला घरी आला. "बाई, तो चित्रपट दाखवायला नको होता का?"

"दाखवायलाच हवा होता. पण सगळे हसले, तेव्हा तू तरी काही बोलायचंस."